दस्तक आणि फास

लंडन, 11 एप्रिल 1955

तीर्थस्वरूप नाना यांचे चरणी कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

मागल्या पत्रात आपण विचारले होते की, लंडनचे बंदर पाहिलेस काय. उत्तरास विलंब झाला. कारण बंदर पाहणे निराळे आणि बंदरातली माणसे काम आटोपल्यावर जिथे बसतात ती जागा पाहणे निराळे, आणि दुसरे पाहिल्यावाचून पहिल्याविषयी लिहिणे मला अपुरे वाटत होते. ईस्टरच्या सुट्टीत, शनिवारी संध्याकाळी, तो योग आला.

शहराच्या पूर्वेस, टेम्सच्या उत्तर तीरावर, वॉपिंग नावाची वस्ती आहे. एका अंगास 1805 साली खुल्या झालेल्या गोद्यांच्या उंच भिंती, दुसऱ्या अंगास गुदामांची रांग, आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या बाँबवर्षावाने मध्येच पाडलेली खिंडारे. या रस्त्यावर 'प्रॉस्पेक्ट ऑफ व्हिटबी' हा खलाशांचा जुना गुत्ता नदीला पाठ लावून उभा आहे. 1520 पासून येथे गुत्ता आहे असे सांगतात. पूर्वी याला 'सैतानाचा गुत्ता' म्हणत, आणि चोरटा माल व तितकीच चोरटी माणसे यांच्या राबत्यामुळे ते नाव शोभतही असे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो आगीत जळाला, पुन्हा बांधला गेला, आणि व्हिटबी बंदरचे 'प्रॉस्पेक्ट' नावाचे कोळशाचे जहाज समोर नांगरून असे, त्याचे नाव त्याला मिळाले. कोळशाची ही तारवे आपण हलकी समजू नयेत. कॅप्टन कुक याने दर्यावर्दीपणाचे पहिले धडे व्हिटबीच्या अशाच जहाजांवर गिरवले, ज्या 'एन्डेव्हर'मधून त्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली तेही मूळचे कोळसा वाहणारेच, आणि 1762 साली त्याने लग्न केले तेही वॉपिंगमधल्या एका गुत्तेवाल्याच्या मुलीशी.

आत पाऊल टाकताच पायाखाली दगडी फरशी लागते. तिच्यावर इतक्या पिढ्यांचे ओले बूट घासले गेले आहेत की, आपल्या देवळाच्या उंबरठ्याप्रमाणे तिलाही मध्यभागी खोलवा आला आहे. पेले मांडण्याच्या फळीवर कथलाच्या मिश्रधातूचा पत्रा मढवलेला असून त्यावर नाणे टाकले की खणखणत नाही, नुसते 'थप्' करते. मी त्या फळीवर काय मागवले याची नोंद या पत्रात करीत नाही. आपल्या इलाख्यात 1949 चा दारूबंदीचा कायदा जारी आहे, आणि जो कागद पुढे अंगाशी येईल तो करूच नये हा धडा आपणच मला दिलेला आहे.

मागच्या सज्जातून नदी दिसते. भरती ओसरत होती. येथे उधाणाच्या दिवसांत पाणी सुमारे सात मीटर चढते-उतरते, त्यामुळे घटकाभरापूर्वी जिथे लाटा भिंतीला लागत होत्या तिथे आता काळा, चकचकीत चिखल उघडा पडत होता. याच काठाने थोडे वर चाचेगिरीच्या गुन्हेगारांना फाशी देण्याची जागा होती. आरमारी न्यायालयाचा अंमल ओहोटीच्या रेषेपासून सुरू होई, म्हणून फाशीचा खांब जमिनीवर न रोवता त्या रेषेवर रोवीत, आणि तीन भरत्या प्रेतावरून जाईपर्यंत ते उतरवीत नसत. हद्दीविषयीची ही काटेकोर दक्षता वाचून आपल्यातला जुना अव्वल कारकून संतुष्ट होईल. हा शिरस्ता 1830 पर्यंत चालला.

येथेच 23 मे 1701 रोजी कॅप्टन किड लटकला. पहिल्या खेपेस दोर तुटला, म्हणून त्याला दुसऱ्यांदा चढवले. हा मनुष्य इंग्लंडच्या राजाची सनद घेऊन चाच्यांना व शत्रूच्या जहाजांना पकडण्यास निघाला होता. 1697 साली त्याने कारवारला नांगर टाकला, आणि पुढच्या जानेवारीत बंगालहून सुरतेस कापड, साखर व अफू घेऊन जाणारे 'केदा मर्चंट' हे जहाज मलबार किनाऱ्याजवळ धरले. त्या जहाजावर फ्रेंच कंपनीचा परवाना सापडला, सबब ते शत्रूचे व धरण्यास योग्य, असे त्याचे म्हणणे होते. असे दोन परवाने त्याने वरिष्ठांकडे पाठवलेही होते. परंतु खटल्याच्या दिवशी ते कोणास गवसले नाहीत. किड निष्पाप होता असे मी म्हणत नाही. आपल्याच एका गोलंदाजाला बादलीने मारल्याबद्दल खुनाचा गुन्हाही त्याच्यावर शाबीत झाला होता. पण ते परवाने विसाव्या शतकात सरकारी दप्तरखान्यातच सापडले. मनुष्य चिखलात लटकला आणि त्याचा कागद दोनशे वर्षे बासनात सुखरूप राहिला.

त्या सज्जात मला आपली ओटी आठवली, जिथून कुलाब्याचा किल्ला दिसतो. कान्होजी आंग्रे यांचे दस्तक न घेता जाणारे जहाज त्यांचे आरमार धरी. ते मराठी दौलतीचे सरखेल, म्हणून आपल्या लेखी तो कायदा होता. मुंबईकर इंग्रजांनी मात्र त्यांना चाचा म्हटले, आणि 1721 साली पोर्तुगीजांना सोबत घेऊनही कुलाबा हाती लागला नाही तेव्हा अधिकच त्वेषाने म्हटले. समुद्र तोच, जहाज धरण्याची रीत तीच. फरक इतकाच की कोणाचा शिक्का कोणी मानावयाचा. पुढे कान्होजींची ओळख जगाला बव्हंशी इंग्रजी कागदांतूनच झाली, कारण ते कागद जपले गेले होते.

परतताना रस्त्यावरच्या दिव्याखाली रत्नागिरीकडचे एक वयस्क सारंग भेटले. माझे मराठी ऐकून ते थबकले. आत का आला नाहीत म्हणून विचारले, तर हसून म्हणाले की ते दारूला शिवत नाहीत, बोटीवर जाऊन चहा घेतील. मग कोटाचा आतला खिसा चाचपून त्यांनी नोकरीच्या नोंदींची चोपडी दाखवली. मेणकापडात गुंडाळलेली, कडा कुरतडलेली. तीस वर्षांच्या सफरी तीत होत्या. ती हरवली तर या मुलखात आपण कोण हे सांगणारे कोणी नाही, असे म्हणून त्यांनी ती पुन्हा मेणकापडात बांधली, आणि ती गाठ दोनदा ओढून पाहिली.

म्हणून एक विनंती. माळ्यावरच्या शिसवी पेटीत खापरपणजोबांच्या मचव्याचे मोडी कागद आहेत. त्यांत आंग्र्यांच्या कचेरीचे एक दस्तक आहे असे आपण मला लहानपणी सांगितले होते. मृगाआधी ती पेटी उन्हात काढावी, आणि कसर लागली नसेल तर त्या कागदाची बाळबोध नक्कल करून मजकडे पाठवावी. अस्सल तिथेच असू द्यावे.

काकूंस सा. नमस्कार. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
दत्तू