पोटॅश पिकातलं आणि आण्णांच्या ताटातलं

दोडक्याचा तोडा सुरू आहे, सकाळीच माल जाधववाडीला गेला. पण आजची नोंद घरातल्या ताटाची. आण्णांना डायलिसिस सुरू झाल्यापासून बरेच जण विचारतात, "त्यांना भाजी कोणती देता?"

आधी आमची चूक सांगतो. आण्णा फार थकलेले दिसायचे म्हणून आईने घरच्या पालकाची पातळ भाजी आणि टोमॅटोचं सार सुरू केलं. मी येता-जाता शहाळं आणायचो. फवारणी न केलेली घरची भाजी, ती कशी बाधेल, असा आमचा हिशोब. एका शनिवारी आण्णा म्हणाले, "पाय उचलत नाहीत रे." दवाखान्यात रक्त तपासलं, पोटॅशियम ६.६. ते साधारण ३.५ ते ५ असावं लागतं. डॉक्टरांनी लगेच ईसीजी काढला आणि डायलिसिसला घेतलं. पोटॅशियम एवढं वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, माणूस जागेवर जाऊ शकतो.

बाहेर बाकड्यावर बसलो तेव्हा डोक्यात आलं, हे तर आपलं पोटॅश. ०-०-५० मधलं. चांगली किडनी जास्तीचं लघवीवाटे बाहेर काढते. ते काम थांबलं की रक्तात साठतं.

पुढचं आपल्याला लवकर कळेल. नत्र पिकात प्रथिनं बनून बसतं. पोटॅश तसं बांधलं जात नाही, पेशीतल्या रसात मोकळं राहतं. म्हणून तर शेतातल्या काडीकचऱ्यातलं पोटॅश पावसाने धुऊन जातं. पातेल्यातही तेच होतं. आहारतज्ज्ञ ताईंनी सांगितलेलं आम्ही असं पाळतो:

१. भाजी सोलून, बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची, पाणी ओतून द्यायचं, मग फोडणी. बटाट्याच्या फोडीतलं पोटॅशियम असं साधारण निम्म्यावर येतं. नुसतं भिजत ठेवून फारसं जात नाही.

२. दोडका, दुधी, कोबी, काकडी, कांदा यांत कमी असतं. तरी प्रमाणातच.

३. पालक, शेवग्याचा पाला, बटाटा, रताळं, टोमॅटो, केळी, शहाळं विचारल्याशिवाय नाही.

४. 'कमी सोडियम'चं मीठ बंद. त्यात पोटॅशियम क्लोराईड असतं, म्हणजे आपल्या एमओपी खतातलाच क्षार.

आईला पहिले काही दिवस जड गेलं. "भाजीचं पाणी कुणी फेकतं का?" तिचं खरंच आहे. आमच्या भाजीचं पाणी आजही आमटीत जातं, आणि किडनी चांगली असलेल्याने ते टाकूही नये. आण्णांचं पातेलं तेवढं वेगळं. ते बेचव म्हणून कुरकुरतात, मग आई लसणाची फोडणी जरा कडक देते.

एक लक्षात ठेवा. किडनीच्या प्रत्येक पेशंटला पोटॅशियम कमी करावं लागतंच असं नाही. कुणाचं कमीही असतं. आमचं बघून पथ्य ठरवू नका, आपल्या डॉक्टरांना विचारा. आपण माती परीक्षणाचा कागद आला की पालाशचा आकडा आधी शोधतो. घरच्या पेशंटच्या रिपोर्टवरही तो आकडा शोधा. आम्ही शोधला नव्हता.