चेतकची नाडीपरीक्षा

आमच्या घरी रविवारच्या वर्तमानपत्राचे दोन उपयोग होतात. आधी ते वाचले जाते आणि मग अंगणात स्कूटरखाली पसरले जाते. त्यावर प्लगपाना, दोन स्क्रू ड्रायव्हर, फिलर गेज, पॉलिश पेपरचा तुकडा आणि दात घासायचा जुना ब्रश मांडला, की घरातली मंडळी समजून जातात: आता जेवणापर्यंत हा माणूस कोणाचा नाही.

स्कूटर 1984 सालची. अप्पांनी नंबर लावून, वाट पाहून घेतलेली. बजाजची चेतक 1972 साली आली आणि पेट्रोलवरची चेतक 2009 च्या सुमारास बंद झाली. पुढे 2019 साली हेच नाव विजेवरच्या स्कूटरला मिळाले. गाडी चांगलीच असेल. पण तिला ना प्लग, ना कार्बोरेटर, ना किक. रविवारी करायचे काय?

दोन स्ट्रोकचे इंजिन शिकणाऱ्यावर मेहेरबान असते. त्याला वेगळ्या झडपा नाहीत, वंगणाचे तेलही पेट्रोलमध्येच मिसळायचे, लिटरला वीस मिलीलिटर. चालायला त्याला तीन गोष्टी लागतात: वेळेवर ठिणगी, हवा-पेट्रोलचे योग्य मिश्रण आणि सिलिंडरमध्ये दाब. गाडी रुसली की बहुधा या तिघांपैकी एक रुसलेली असते. ती कोणती, हे विचारायची जागा म्हणजे प्लग. जीभ पाहून वैद्याने पोट ओळखावे, तसा प्लग पाहावा. कॉफीच्या रंगाचा असेल तर प्रकृती उत्तम. काळा आणि ओला असेल तर पेट्रोल पोहोचते आहे, पण जळत नाही. पांढराफटक असेल तर मिश्रणात हवा जास्त होते आहे आणि इंजिन तापते आहे. किक मारून थकल्यावरही कोरडा ठणठणीत निघाला, तर पेट्रोल पोहोचतच नाही. एवढे न पाहता स्कूटर आडवी करून हलवत बसणारे पुष्कळ. त्यांच्या श्रद्धेला माझा नमस्कार.

अप्पा पेशाने शिक्षक, त्यामुळे स्कूटरचीही वही. तारीख, किलोमीटर, किती पेट्रोल भरले, लक्षण काय, कारण काय, खर्च किती. अक्षर मोत्यासारखे आणि भाषा आपल्या बेळगावची. त्यांचा सुरुवातीचा मिस्त्री कन्नड बोलणारा. त्याचे निदान अप्पांनी जसेच्या तसे टिपले आहे: 'कचरा बंदैत्रि.' कन्नडमध्ये याचा अर्थ, कचरा आलाय हो. मराठी कानाला मात्र त्यातला 'बंद' आधी ऐकू येतो. कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा अडकला की दोन्ही अर्थ बरोबरच ठरतात! (जेट साफ करायला लोखंडी तार कधी घालू नये. भोक मोठे होते आणि पेट्रोल जास्त जाऊ लागते. फुंकर मारावी, फार तर ब्रशचा एखादा केस घालावा.)

अप्पा आता पंच्याऐंशीचे. संध्याकाळी त्यांना मागे बसवून टिळकवाडीतून खानापूर रोडने एक फेरी मारायची, हा आमचा नेम. गेल्या पावसाळ्यानंतर या नेमात विघ्न आले. तिसरे रेल्वे गेट ओलांडून उद्यमबागेकडे आलो की गाडी गचके देऊन बंद पडायची. दहा मिनिटे थांबले की एका किकमध्ये सुरू, आणि पुढे पुन्हा तेच. ट्रकांच्या धुळीत म्हाताऱ्या माणसाला काठीवर उभे ठेवायचे, हे काही बरे नव्हे. उद्यमबाग म्हणजे फाउंड्र्या आणि मशीनशॉपचे गाव. सल्ले देणारे तर पावलोपावली. एका गॅरेजवाल्याने गाडीला हातही न लावता पिस्टन आणि रिंगा गेल्याचे सांगितले. बोअर करावे लागेल; त्यापेक्षा काढून टाका, म्हणाला. अप्पा काही बोलले नाहीत. रात्री जेवताना मात्र त्यांनी विचारले, "अरे, भंगारवाला किती देतो रे हल्ली?"

तो प्रश्न मला झोंबला. रिंगा गेलेली गाडी सकाळीच कुरकुरते, चढाला दम टाकते. आमची पहिल्या किकला सुरू होत होती. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून किक मारली, तर अंगठा उडवून लावण्याइतका दाब. मग दोन संशयित उरले. एक, कंडेन्सर किंवा कॉइल. हे तापले की ठिणगी मारेनासे होतात आणि थंड झाले की साळसूद. दुसरा, पेट्रोलची वाट. लक्षण दोघांचे सारखेच. फरक कळायचा तर गाडी बंद पडल्या क्षणी, रस्त्यावरच तपासायला हवे; घरी आणेपर्यंत रोगी बरा झालेला असतो. म्हणून खिशात प्लगपाना घेऊन मुद्दाम बंद पाडायला निघालो. बंद पडली. प्लग काढला, टोपीत बसवून भोकापासून दूर इंजिनाच्या लोखंडाला टेकवला. उन्हात ठिणगी दिसत नाही म्हणून अप्पांनी वर छत्री धरली. किक मारली. निळी, टणटणीत ठिणगी! आणि प्लग कोरडा.

म्हणजे पेट्रोल. पण जेट स्वच्छ, नळ स्वच्छ, नळी नवी. त्या रात्री वही उघडली, आणि अप्पांच्या नोंदींतूनच एक गोष्ट दिसली. टाकी भरलेल्या दिवशी गाडी लवकर बंद पडत होती. पेट्रोल कमी असले की जास्त पळत होती. हे उलटेच की! पण तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल अडखळते, दुसरे पाडले की सरळ धार लागते, हे प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. टाकीत पेट्रोल खाली गेले की तेवढी हवा वरून आत यावी लागते. ती आली नाही तर आतला दाब घटतो आणि पेट्रोल जागच्या जागी लटकते. भरल्या टाकीत वर हवा थोडी, म्हणून दाब लवकर घटतो. सकाळी सीट उचलून टाकीचे झाकण पाहिले. धाकट्या बहिणीच्या मुलीच्या लग्नाआधी गाडी रंगवून घेतली होती. रंगाऱ्याने उत्साहाने झाकणही रंगवले होते, हवेच्या भोकासकट.

गोधडीच्या सुईने भोक मोकळे केले. संध्याकाळी टाकी गळ्यापर्यंत भरून अप्पांना उद्यमबागेच्याही पुढे नेऊन आणले. एकदाही अडखळली नाही. अप्पांनी घरी आल्याआल्या चष्मा आणि वही मागवली. हात थरथरतो, पण लिहिले स्वतःच: 'टाकीच्या झाकणाचे भोक रंगाने बंद. सुईने उघडले. खर्च नाही. रंगाऱ्याला पैसे आधीच दिले आहेत.'

सावधगिरी म्हणून आणलेला कंडेन्सर डिकीत पडून आहे. आता दुसरा गिअर टाकताना करकर ऐकू येते. अप्पांच्या मते क्लचची केबल सैल असावी. येत्या रविवारी पाहतो.