पोळ्याची पोळी

आमच्याकडं पोळा श्रावणातल्या अमावास्येला. आदल्या दिवशी खांदेमळणी. लोणी-हळद लावून बैलांचे खांदे मळायचे, उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. दुसऱ्या दिवशी पायलीभर डाळीचं पुरण. हे सगळं ज्याच्यासाठी, त्या बैलाला मात्र आजी मोजून एकच पोळी द्यायची. आम्ही दुसरी उचलली की म्हणायची, "ठिव खाली. त्याचं पोट कडब्याचं हाय, तुझ्यावानी न्हाई." भावकीतल्या बायका तिला चिकट म्हणायच्या. हसत हसत, पण म्हणायच्याच.

एका वर्षी चुलत आजोबांचा पाखऱ्या पोळ्याच्या रात्री दावं तोडून मागच्या पडवीत शिरला. उरलेला भात आणि पुरणाची परात तिथंच होती. दारोदारचे घास आधीच पोटात. सकाळी रवंथ बंद, डावी भकाळी ताठ, शेण पातळ आणि आंबूस वासाचं. कुणीतरी गोडं तेल पाजलं. दुपारी जनावरांचे डॉक्टर आले, खाण्याचा सोडा पाण्यातून पाजला, सलाईन लावलं. म्हणाले, "कोटीपोटात चारा सावकाश आंबतो. भात, गूळ, पुरण एकदम पडलं की सगळं आम्लच होतं आणि ते रक्तात उतरतं. उशीर झालाय."

तिसऱ्या दिवशी पाखऱ्या गेला. ऐन रब्बीच्या तोंडावर जोडी फुटली. चुलत आजोबांनी ज्वारी पेरली ती दुसऱ्याच्या बैलानं, पैरा करून, आणि त्याची फेड करता करता स्वतःची पेर मागं पडली. चुलतआजी बरेच दिवस परातीकडं बघायची नाही. पण तिला कोण काय बोलणार? जीव लावूनच तर रांधलं होतं.

पुढं आजी पोळ्याच्या संध्याकाळी सगळ्या भावकीच्या गोठ्यांतून फिरायची. बाशिंगं, गोंडे, माळा स्वतः उतरवायची, टाचण्या आणि तारा डब्यात मोजून टाकायची. बैल घास आधी गिळतो आणि मग निवांत चघळतो. तार आत गेली तर काळजापर्यंत घुसते. आता तर माळा प्लास्टिकच्या, म्हणजे पोटात गेल्या की तिथंच राहतात. आजीला चिकट म्हणणाऱ्या बायकाच मग तिला हाक मारायच्या, "आत्याबाई, आमच्या दावणीला बी बघून जावा."

पडवीला दार बसलं ते त्याच वर्षी. कडी बाहेरून, बैलाच्या तोंडाला न पोचेल इतकी उंच.