ईथर, आकाश आणि जाते

शब्दांनाही पुनर्जन्म असतो, असे भाषेच्या अभ्यासकाला पुष्कळदा वाटून जाते. ‘ईथर’ हा असाच एक शब्द. प्रकाशाच्या लहरींना वाहून नेणारे काहीतरी माध्यम विश्वात सर्वत्र भरून राहिले असले पाहिजे, अशी एकोणिसाव्या शतकातील भौतिकशास्त्राची धारणा होती आणि त्या माध्यमाचे नाव ईथर. १८८७ मध्ये मायकेल्सन आणि मोर्ले यांनी त्याचा माग काढू पाहिला. तो लागला नाही. १९०५ मध्ये आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताने त्याची गरजच उरू दिली नाही. मेलेला हा शब्द १९७३ मध्ये रॉबर्ट मेटकाफ या अमेरिकन अभियंत्याने उचलला. संगणकांना जोडणाऱ्या, सर्वांना सामाईक असलेल्या तारेला त्याने नाव दिले ‘इथरनेट’.

आपल्याकडे न्याय-वैशेषिकांनी शब्द, म्हणजे ध्वनी, हा आकाशाचा गुण मानला. हवेच्या कंपनांचे शास्त्र शिकल्यावर तेही मत मागे पडले. पण १९३५ मध्ये म्हैसूरच्या प्रा. गोपालस्वामी यांनी स्वतःच्या घरात नभोवाणी केंद्र सुरू केले तेव्हा त्याला जे नाव मिळाले ते ‘आकाशवाणी’. म्हणजे ध्वनीला आकाशही सोडत नाही आणि ईथरही. हे सारे आठवायचे कारण असे, की गेल्या माघात औंढ्याच्या आमच्या जुन्या घरात एक बारीकशी इथरनेटची तार पडवीतून माळ्यावर गेली, आणि तिच्यातून आत्याच्या ओव्या गेल्या.

आत्याने ऐंशी ओलांडली आहे. गेली काही वर्षे ती माहेरीच, आमच्याकडे असते. तिला किती ओव्या येतात हे तिलाही सांगता येणार नाही. आणि अलीकडे, किती येत होत्या हेही. मावळ-मुळशीच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्यांचे महत्त्व आता नव्याने सांगावे लागत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी या डोंगरी गावांतून सुरू केलेले संकलन पुढे महाराष्ट्रभर पसरले आणि एक लाखाहून अधिक ओव्यांपर्यंत पोचले. बर्नार्ड बेल या संगणकाच्या जाणकार संगीत-अभ्यासकाने त्यांना ध्वनिमुद्रणाची जोड दिली. आज त्या ओव्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर कोणालाही ऐकता येतात. एवढे झाल्यावर एका घरातल्या एका म्हातारीसाठी हा खटाटोप कशाला, असा प्रश्न एका सहकाऱ्याने विचारलाही. लाख ओव्यांत आमच्या आत्याची एकही नाही, एवढेच त्याचे उत्तर.

भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रण सोपे होते. शब्द स्वच्छ आले. परंतु त्या उपकरणात सभोवतालचा गोंगाट कमी करण्याची जी आपोआप चालणारी व्यवस्था असते, तिने जात्याची घरघर पुसट करून टाकली. यंत्राच्या लेखी आवाज म्हणजे गाणे आणि जाते म्हणजे गोंगाट. मग जाते बाजूला ठेवून आत्याला नुसतेच गायला बसवले. दोन ओव्यांनंतर ती थांबली. म्हणाली, “आरं, दगुड फिरंना तर म्होरलं सुचंल कसं?”

हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. वर्गात आम्ही ओवी शिकवतो ती साडेतीन चरणांची, अक्षरसंख्येच्या बाबतीत सैल अशी. हा सैलपणा छंदशास्त्राने नोंदवला. पण तो पेलला कोणी? चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. म्हणजे ओवीच्या अगदी जुन्या उल्लेखातही तिच्यासोबत काम आहे. मुसळाचा घाव किंवा जात्याचा फेरा हा ओवीचा ताल; अक्षरे कमी पडली तर स्वर लांबवायचा, जास्त झाली तर दाटीवाटीने बसवायची. फेरा मात्र चुकत नाही. तेव्हा ओवी टिपायची तर जात्यासकट टिपायची, हे ठरले.

पडवीतल्या जात्यावर कित्येक वर्षे पोती पडली होती. त्याला टाकी लावून घेतली. एक मायक्रोफोन आत्याच्या समोर, दुसरा जात्याजवळ. तिसरा माजघरात, कारण या ओव्या मुलांनी ऐकल्या त्या अंथरुणातून, भिंतीपलीकडून, अर्धवट झोपेत. तो दूरचा आवाजही मला हवा होता. संगणकाच्या पंख्याची घरघर जात्याच्या घरघरीत मिसळू नये म्हणून संगणक माळ्यावर. यूएसबीची साधी तार पाच मीटरपर्यंतच खात्रीची. इथरनेटची शंभर मीटर जाते. म्हणून पडवीत एक आणि माजघरात एक असे दोन ऑडिओ कन्व्हर्टर ठेवले आणि दोन्ही एका स्विचमार्फत संगणकाला जोडले.

कन्व्हर्टरचे काम तसे सरळ आहे. मायक्रोफोनकडून येणारा विजेचा अखंड प्रवाह तो सेकंदाला ४८,००० वेळा मोजतो आणि प्रत्येक मोजणीचा एक आकडा करतो. अडचण निराळीच असते. प्रत्येक कन्व्हर्टर मोजतो तो आपापल्या स्फटिकाच्या घड्याळाने आणि कोणतीही दोन घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत. त्यांच्यात दहा लाखांत वीस भागांचा फरक धरला, तरी दहा मिनिटांत बारा मिलिसेकंदांचे अंतर पडते. तेवढ्या वेळात ध्वनी सुमारे चार मीटर जातो. म्हणजे आत्या जागची हललेली नसताना मुद्रणात माजघराची भिंत हळूहळू चार मीटर सरकलेली असेल!

यावरचा उपाय मला फार आवडला. साध्या इथरनेटला वेळेचे सोयरसुतक नसते. पत्र पोचले म्हणजे झाले, केव्हा पोचले हे महत्त्वाचे नाही. ध्वनीसाठी जे संकेत रचले गेले, त्यांत जाळ्यावरची उपकरणे आधी आपल्यातले एक घड्याळ प्रमाण म्हणून निवडतात. बाकीची त्याच्याशी सतत निरोपांची देवघेव करतात, निरोप पोचायला लागलेला वेळ वजा करतात आणि आपली चाल त्याच्या चालीला जुळवून घेतात. ही जुळणी मायक्रोसेकंदाच्या आसपास साधते. ‘एव्हीबी’ आणि ‘डान्टे’ ही अशा दोन पद्धतींची नावे. दुसरे नाव इटालियन महाकवीचे वाटते खरे, पण ते इंग्रजी आद्याक्षरांतून जुळून आले आहे.

मला या रचनेचे नवल वाटले नाही, कारण ती समोरच बसली होती. आत्याला आता एकटीने जाते ओढवत नाही. समोर वहिनी बसली. एका खुंट्यावर दोघींचे हात. वहिनीला ओव्या येत नाहीत, आत्याच्या हातात बळ नाही. पण खुंटा एक असल्याने दोघींचा काळ एक झाला. आत्याचा स्वर मंदावला की वहिनीचा हात मंदावे आणि वहिनीने वेग घेतला की आत्या शब्द आखडून घेई. प्रमाण घड्याळ कोणते, आत्या की वहिनी, असे विचारले तर उत्तर एकच: दगड.

पहाटे चारला मुद्रण सुरू केले. त्या वेळीही द्रुतगती मार्गावरच्या मालमोटारींची घरघर दुरून येतच होती. ती काढून टाकायचा मोह झाला; काढली नाही. वैरण घालताना जाते क्षणभर संथ होते, आत्या गप्प होते आणि त्या गप्प होण्यातूनच पुढची ओवी येते. त्या रिकाम्या जागाही कापल्या नाहीत. संकलनाच्या छापील पानावर दोन ओव्यांमध्ये फक्त कोरी ओळ असते. इथे त्या जागेला लांबी आहे, कधी तीन सेकंद, कधी अकरा. अकरा सेकंदांच्या जागा या वर्षी वाढल्या आहेत, हेही त्यातूनच कळते. पुढच्या माघात त्या किती असतील, याचा विचार मी टाळतो.

दुपारी आत्याच्या कानांना हेडफोन लावून तिलाच सारे ऐकवले. स्वतःच्या आवाजाबद्दल ती काही बोलेल, निदान डोळे पुसेल, अशी आमची अपेक्षा. ती मन लावून ऐकत राहिली. मग एके ठिकाणी हात वर करून तिने थांबवायला सांगितले आणि वहिनीकडे वळून म्हणाली, “हितं वैरण कमी पडली बघ. दगडावर दगुड वाजतोय.”

पुन्हा ऐकले, तर खरेच तसे होते. त्या ओवीपुढे वहीत मी तेवढीच नोंद केली.