सहीच्या आधी

आमच्या घरात विमा हा विषय बरीच वर्षे दबक्या आवाजात बोलला जात असे. अब्बांचे म्हणणे सरळ होते. त्यात सूद आहे, व्यवहाराची अनिश्चितता आहे, आपण लांब राहावे. पण २०१२ सालची एक वापरलेली वॅगन आर घरी आली आणि प्रश्न उभा राहिला. मोहल्ल्यातल्या मौलानांनी सांगितले, जो विमा कायद्याने सक्तीचा आहे तो काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणताच येत नाही, ती मजबुरी आहे. शिवाय तो दुसऱ्याचे नुकसान भरून देण्यासाठी असतो. अब्बांनी तेवढाच विमा घेतला, थर्ड पार्टीचा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा त्यांनी कधी घेतला नाही. पुढचे समजायला ही एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी विमा प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे. त्याचा हप्ता विमा कंपनी ठरवीत नाही, सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत हजार सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये आणि दीड हजार सीसीच्या वरच्या मोटारीला ७,८९७ रुपये होते. म्हणजे दोन लाखांची आमची वॅगन आर आणि दोन कोटींची एखादी स्पोर्ट्स कार, यांच्या हप्त्यात चौपटीचाही फरक नाही. प्रथम मला हे विचित्र वाटले. मग लक्षात आले, की आपल्या हातून दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्याची किंमत आपल्या गाडीच्या किमतीवर ठरत नसते. कायद्याने ही एक गोष्ट अगदी न्यायाने पाहिली आहे.

२०२४ च्या डिसेंबरातली ती रविवारची संध्याकाळ. नात्यातल्या एका लग्नाहून आम्ही कोंढव्याला परतत होतो. अब्बा गाडी चालवत होते, मी शेजारी, अम्मी मागे उजव्या बाजूला. सिग्नलला आमची गाडी उभी होती. मागून एक घुर्र आवाज आला, आणि डाव्या अंगाला असा दणका बसला की अम्मीच्या हातातली मिठाईची पिशवी पुढच्या काचेवर आदळली. ठेंगणी, दोन दारांची, पिवळी गाडी आमच्या मागच्या चाकापाशी घुसली होती. चालवणारा मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा असेल. तो उतरला, पण बोलला नाही. फोन लावून उभा राहिला.

पुण्यात राहणाऱ्या माणसाला अशा गाडीचा आवाज आता वेगळा ऐकू येतो. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला अशाच एका महागड्या गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण इंजिनियरांचा जीव घेतला. गाडी सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात असल्याचा आरोप होता. त्याला जामीन देताना बाल न्याय मंडळाने तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली आणि देशभर संताप उसळला. मी शाळेत निबंधच शिकवते. त्या दिवसांत वर्गात 'निबंध लिहा' म्हणताना माझी जीभ अडखळत असे. म्हणून त्या संध्याकाळी पहिल्यांदा मी अम्मीचा हात चाचपला, आणि आम्ही तिघे धडधाकट आहोत याबद्दल अल्लाहचे आभार मानले. मग मोबाइल काढून दोन्ही गाड्यांचे नंबर, रस्त्यावरची जागा आणि सिग्नलचा खांब यांचे फोटो घेतले.

पंधरा मिनिटांत एक गृहस्थ दुसऱ्या गाडीतून आले. मालकांचे मॅनेजर आहोत म्हणाले. खिशातून दहा हजार काढले, "चाचा, हे घ्या आणि विषय संपवा." अब्बांची तयारी होती. पोलीस चौकी म्हटले की त्यांच्या पोटात गोळा येतो. आयुष्यभर टाइमकीपरची नोकरी केलेला माणूस, कोणाच्या एका रुपयाचा देणेकरी नाही. पण खाकी कपडा दिसला की आवाज खाली जातो. का जातो, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. मी म्हटले, "अब्बा, पहले गॅरेजवाले को दिखाते हैं." मॅनेजरांनी नंबर दिला आणि नोटा परत खिशात घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भवानी पेठेत उस्तादांकडे गाडी नेली. चाळीस वर्षे डेंटिंगचे काम करणारा माणूस. त्यांनी पत्र्यावर बोट फिरवून, बुक्कीने ठोकून आवाज ऐकला आणि शाळेच्या जुन्या वहीच्या पानावर हिशेब लिहिला. मागचा दरवाजा, भंगार बाजारातून चांगला मिळाला तर ६,५००. बंपर ३,२००. टेललाइट १,८००. पत्रा ओढून ठोकून सरळ करायची मजुरी १२,०००. लांबी, प्रायमर, रंग मिळून १४,०००. चाकाची लाइन आणि खालचे काम ४,०००. एकूण ४१,५००. दहा हजारांत बंपर आणि थोडा रंग झाला असता.

आमच्या पॉलिसीतून यातला एक रुपयाही मिळणार नव्हता. समोरच्याच्या थर्ड पार्टी विम्यातून मिळू शकत होता. खासगी गाडीला दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असते. मात्र त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज, तारखा, वकील. एक्केचाळीस हजारांसाठी कोण जाणार? ही अडचण समोरच्यालाही पक्की ठाऊक असते. रस्त्यावरच्या नोटांना जोर येतो तो त्यामुळेच.

त्याच दुपारी मॅनेजर घरी आले. या वेळी नोटा पंधरा हजार होत्या आणि सोबत टाइप केलेला एक कागद होता, इंग्रजीत. "फॉर्म्यालिटी आहे. आमच्या इन्शुरन्सला द्यावा लागतो." अब्बांनी खिशातून पेन काढले. अब्बा उर्दू वाचतात, मराठी कामापुरते वाचतात, इंग्रजीत त्यांना आकडे तेवढे कळतात. मी म्हटले, मला वाचू द्या. मॅनेजर हसून म्हणाले, "टीचर आहेत वाटतं."

कागदावर तीन गोष्टी होत्या. आमची गाडी अचानक डावीकडे वळली. पिवळी गाडी त्यांचा पगारी ड्रायव्हर चालवत होता. आमची आता काहीही मागणी नाही.

त्या मुलाकडे परवाना होता की नव्हता, हे आम्ही कोणी विचारलेही नव्हते. पण चालवणाऱ्याकडे वैध परवाना नसेल तर कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते, एवढे मला माहीत होते. उस्तादांनी सकाळीच सांगितले होते, तसल्या गाडीचे पत्रे ॲल्युमिनियमचे, कुठे कार्बन फायबरचे. कार्बन फायबरला पोचा पडत नाही, तो तडकतो, मग तो भाग बदलावाच लागतो. बिल लाखांत जाते. त्या लाखांच्या दाव्याला आमच्या एका सहीचा टेकू हवा होता.

त्या सहीने आमचे काय झाले असते? चूक आमची ठरली असती आणि पिवळ्या गाडीचे नुकसान उलट आमच्यावर आले असते. आणि आमच्या पॉलिसीच्या बारीक अक्षरांत एक अट आहे: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने चूक कबूल करायची नाही. म्हणजे कंपनीलाही हात वर करायला वाट मिळाली असती. हे सगळे मी अब्बांना सांगू लागले. पण ते दुसऱ्याच वाक्यापाशी थांबले होते.

"गाडी ड्रायव्हर चला रहा था, ऐसा लिखा है?"

"हो."

"ड्रायव्हर तो था ही नहीं."

"नव्हता."

अब्बांनी पेनाला टोपण लावले. "झूठी गवाही मैं नहीं दूँगा," ते मॅनेजरांना म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण खालीही गेला नाही. ज्यांना कालपासून मी कायदा समजावत होते, त्यांना कायद्याची गरजच पडली नाही.

मॅनेजर गेल्यावर अब्बाच म्हणाले, "चल, चौकी पे." माझ्याच पायांतले बळ गेले होते. चौकीत एक मध्यमवयीन हवालदार होते. त्यांनी खुर्ची दिली, फोटो पाहिले, आणि अब्बा सांगत गेले तसे मराठीत लिहून घेतले. गाडी उभी होती, मागून धडक बसली, चालवणारा तरुण मुलगा होता. लिहिलेले त्यांनी मोठ्याने वाचून दाखवले. अब्बांनी खाली उर्दूत सही केली. हवालदार क्षणभर त्या अक्षरांकडे पाहत राहिले. "उजवीकडून लिहितात ना? छान दिसतं," म्हणाले, आणि नोंदीचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला.

चौथ्या दिवशी त्या घरातले वडीलधारे गृहस्थ स्वतः उस्तादांच्या गॅरेजवर आले. उस्तादांच्या नावे ४१,५०० चा चेक दिला. पावतीवर दुरुस्तीचा तपशील तेवढा लिहिला, चूक कोणाची यावर अक्षर नाही. जाताना अब्बांना त्यांनी सलाम केला. गाडी तीन आठवड्यांनी मिळाली. डाव्या दरवाज्याचा पांढरा रंग उन्हात जरा वेगळा दिसतो.

या सगळ्यात मी विम्याचे बरेच वाचले. स्वतःच्या नुकसानीचा विमा असता तरी दहा वर्षांच्या पुढच्या गाडीला नव्या धातूच्या भागांवर निम्मी घट कापली जाते, रबर आणि प्लॅस्टिकवरही निम्मी, काचेवर मात्र काही नाही. कंपनीने दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, महिन्याभरात दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे जायचे. तिथे फी लागत नाही आणि त्याचे कार्यालय पुण्यातही आहे. ही माहिती आपल्या वस्तीत कितीजणांपर्यंत पोचली आहे? आपल्यात गॅरेजवाले घरोघरी, रिक्षावाले घरोघरी, आणि पॉलिसीचा कागद मात्र कपाटात घडी घालून ठेवलेला. विमा घ्यावा की न घ्यावा, यावर आपण वर्षानुवर्षे वाद घालतो. घेतलेल्या कागदात काय लिहिले आहे, हा प्रश्न वादाचा नाही. तो वाचण्याचा आहे.

नववीच्या मराठीच्या तासाला पत्रलेखन असते. 'सहलीची परवानगी मागणारा अर्ज' मी दर वर्षी लिहून घेई. या वर्षी त्याऐवजी अपघाताची नोंद लिहायला दिली: तारीख, वेळ, ठिकाण, गाडीचा नंबर, जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच. ज्याने पाहिले नाही त्याने लिहायचे नाही. एका मुलाने वही पुढे केली. त्याचे वडील रिक्षा चालवतात. त्याने खाली जागा मोकळी सोडून लिहिले होते, 'सही: अब्बांना वाचून दाखवल्यानंतर.'

मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले.