सांध्यातली सावली

काशीमीरा नाक्यावर संध्याकाळचं ऊन तिरपं होतं, तेव्हा अहमदाबादचा महामार्ग सोडून मीरा रोड-भाईंदरकडे वळणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली असते. त्या रांगेतली एखादी पांढरी गाडी नीट बघावी. पत्रा नुसता चकाकत असतो. गाडीचा आकार आपल्याला कळतो तो तिच्या रेषांवरून: दरवाजाभोवतीची रेष, बॉनेटच्या कडेची, डिकीची, पेट्रोलच्या झाकणाची. चार-पाच मिलिमीटरच्या या फटी. पण त्या मनातल्या मनात पुसून पाहा, समोर साबणाची वडी उरते.

डेंटिंग-पेंटिंगच्या कामात ही गोष्ट हाताला ठाऊक असते. ठोकर बसलेला दरवाजा पुन्हा बसवताना चांगला कारागीर रंगाचा विचार नंतर करतो. आधी गॅप बघतो. बोट वरून खाली फिरवतो, फट सगळीकडे सारखी आहे ना, हे चाचपतो. गॅप चुकला तर कितीही महागाचा रंग मारा, गाडी ठोकलेली दिसते.

मी मोटारींच्या छोट्या प्रतिकृतींवर काम करतो, आणि त्यातलं माझं सर्वांत आवडतं काम या रेषांचं आहे. खऱ्या फटीत काळोख असतो, कारण आत शिरलेला उजेड आतल्या पत्र्यांवर आपटत विझून जातो, फारसा बाहेर येत नाही. 1:43 मापात, म्हणजे खऱ्या गाडीच्या त्रेचाळिसाव्या हिश्शात, तीच फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी व्हायला हवी, साध्या कागदाच्या जाडीची. इतकी बारीक खाच साच्यात उतरवणं कठीण, म्हणून ती थोडी रुंद आणि उथळ ठेवतात; वरून रंगाचा थर बसतो आणि ती आणखी उथळ होते. अशा खाचेत उजेड जातो आणि तसाच परत फिरतो. गाडी लहान केली की दरवाजा लहान होतो, चाक लहान होतं. सावली मात्र नाहीशीच होते. ती हातानं परत आणावी लागते.

त्यासाठी वॉश वापरतात, म्हणजे खूप पातळ केलेला रंग. घरी एनॅमल रंग थिनरमध्ये पातळ करून तो बनवता येतो. जपानमधल्या शिझुओकाची टॅमिया कंपनी याच कामासाठी 40 मिलिलिटरची तयार बाटली विकते, झाकणालाच बारीक ब्रश असलेली. ब्रशचं टोक खाचेत एका जागी टेकवायचं आणि थांबायचं. रेष ओढायची नाही. केशाकर्षणानं रंग स्वतःच खाचेतून धावतो, कोपऱ्यावर वळतो, दरवाजाच्या खालच्या कडेपर्यंत पोचतो. हे बघताना मला आजही तितकाच आनंद होतो.

मात्र त्याआधीची तयारी पक्की हवी. खालचा रंग लॅकर किंवा अ‍ॅक्रिलिक असावा आणि तो पूर्ण सुकलेला असावा. मग एनॅमलचं थिनर त्याला सहसा धक्का लावत नाही. पृष्ठभाग ग्लॉस हवा, कारण मॅट रंगाच्या खरखरीत अंगात वॉश पसरतो आणि डाग धरतो. उघड्या प्लास्टिकवर थिनर साचलं तर प्लास्टिक तडकू शकतं. वॉश सुकला की इअरबड थिनरमध्ये जेमतेम ओला करायचा आणि आजूबाजूला लागलेला रंग पुसायचा, तोही रेषेला आडवा. रेषेच्या दिशेनं पुसलं तर खाचेतला रंगही निघून येतो. आमच्याकडे पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की एनॅमल सुकायला फार वेळ घेतं, आणि लॅकर फवारलं तर त्यावर पांढुरकी झाक येते. म्हणून फवारणीची कामं मी दिवाळीनंतर काढतो.

खरा कस लागतो तो रंग निवडताना. खाच मुळातच मापापेक्षा रुंद असते. तिच्यात गडद काळा भरला की गाडी चित्रकथेतल्यासारखी दिसते. पांढऱ्या गाडीला करडा शोभतो, लाल-पिवळ्याला गडद तपकिरी. पण गाडीच काळी असेल तर?

माझ्या टेबलावर काळी-पिवळी पद्मिनी आहे, जेमतेम नऊ सेंटिमीटर लांबीची. मूळ गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातली. 1964 मध्ये ती फियाट 1100 डिलाइट म्हणून आली आणि पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव आरटीओत नोंदवली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून या शहराच्या रस्त्यावर अधिकृतपणे एकही पद्मिनी टॅक्सी उरली नाही.

काळ्या पत्र्यावर काळी रेष दिसत नाही. उत्तर त्या टॅक्सीवाल्यांच्या फडक्यात होतं. ते सकाळी गाडी पुसायचे, पत्रा लखलखायचा. पण रस्त्याची धूळ फटीत, दाराच्या मुठीमागे, टपाच्या कडेच्या पन्हळीत तशीच बसून राहायची. काळ्या टॅक्सीचे सांधे अंगापेक्षा उजळ दिसत, मातकट करडे. म्हणून माझ्या पद्मिनीच्या दरवाजांत मी मातकट करडा सोडला, आणि पिवळ्या टपाच्या पन्हळीत तपकिरी. त्या क्षणी खेळण्याची टॅक्सी झाली.

या कामानं मला शिकवलं की सांधा ही लपवायची गोष्ट नाही. गाडी कुठे उघडते, कुठे जोडली आहे, कोणाच्या हातानं कुठे बसवली आहे, हे सांध्यातच दिसतं. शिवाय सगळे सांधे सारखे नसतात. उघडणाऱ्या दरवाजाची फट खोल, तिला गडद रंग द्यावा. नुसत्या जोडाला फिका पुरतो. सगळ्या रेषा एकाच जोरानं काढल्या तर पुन्हा खोटेपणा येतो.

तुमच्या शोकेसमध्ये मुलांची किंवा तुमच्याच लहानपणीची एखादी मोटार पडून असेल, तर ती बाहेर काढा. वॉशचा एक थेंब आधी तिच्या पोटाखाली लावून बघा, मूळ रंग सुटत नाही ना याची खात्री करा. काळ्याच्या आधी करडा घ्या. खिडकी उघडी ठेवा, कारण थिनरचा वास बाधतो. आणि सुरुवात दरवाजापासून करा.