मागे शॉकअप नसलेली सायकल

पुढच्या चाकाला शॉकअप आणि मागचे चाक थेट फ्रेममध्ये कसलेले, अशा डोंगरी सायकलीला हार्डटेल म्हणतात. त्यातली जी खडकाळ उतारासाठी मुद्दाम बांधलेली असते ती अग्रेसिव्ह हार्डटेल. लांबून पाहिले तर सगळ्या हार्डटेल सारख्याच दिसतात. फरक असतो मोजमापांत. क्रॉस कंट्री शर्यतीच्या हार्डटेलचा शॉकअप बहुधा १०० मिलिमीटर दबतो, पुढचे चाक धरणारा चिमटा बराचसा उभा असतो आणि सगळी सायकल दहा-अकरा किलोंत बसते. संगमनेरची सायकलपटू प्रणिता सोमण ज्या प्रकारच्या स्पर्धांतून देशपातळीवर पुढे आली, तिथे हीच सायकल लागते. अग्रेसिव्ह हार्डटेलचा शॉकअप १३० ते १५० मिलिमीटरचा, चिमट्याचा जमिनीशी कोन ६३ ते ६६ अंश, हँडल ७६० ते ८०० मिलिमीटर रुंद, हँडल धरणारा स्टेम आखूड, टायर २.४ ते २.६ इंची. हँडलवरचा खटका दाबून अंगाचा भार दिला की सीट खाली जाते, भार काढून पुन्हा दाबला की वर येते. वजन साडेतेरा ते पंधरा किलो. शर्यतीवाल्याला हे वजन डोळ्यांत खुपते, पण ही सायकल घड्याळासाठी बनलेलीच नाही.

डोंगरी सायकलींचा उगम कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत झाला. तिथली तरुण पोरे १९७६ पासून जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली सोडायच्या शर्यती लावत. उतरताना मागच्या ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि दर फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. त्यांच्यातल्याच जो ब्रीझने १९७७ मध्ये या कामासाठी पहिली खास फ्रेम बनवली. रॉकशॉक्स कंपनीचा पहिला शॉकअप १९८९ चा. पुढे मागच्या चाकालाही शॉकअप आला आणि उतारावरची सत्ता त्या फुल सस्पेन्शन सायकलींकडे गेली. तरी इंग्लंडच्या चिखलात आणि कॅनडाच्या जंगलात काही कारागिरांनी स्टीलची हार्डटेल सोडली नाही. ऑन-वनची ४५६, कॉटिकची बीएफई, व्हिसलरच्या क्रोमॅगच्या फ्रेम ही त्या हट्टाची फळे. महाराष्ट्रातही हा हट्ट कुणीतरी धरला, ही अभिमानाची गोष्ट आहे: पुण्याच्या सायनाइड बाइक्स या छोट्या कंपनीने फ्युरान नावाची दणकट हार्डटेल आणली. आज ट्रेक रॉस्को, मरीन सॅन क्वेंटिन अशा मोठ्या कंपन्यांच्या सायकलीही याच वळणाच्या आहेत.

कोल्हापूरच्या जमिनीवर ही सायकल किती चपखल बसते, ते शहरातून पश्चिमेला निघाले की कळते. पंचगंगेच्या काठची काळी माती आणि उसातल्या पाणंदी. मग जोतिबा, गिरोली, वाघबीळ, पन्हाळ्याच्या बाजूचे मुरमाड चढ. आणि वर जांभ्याचा सडा. शहरापासून पन्हाळा वीसेक किलोमीटरवर आणि सुमारे चारशे मीटर उंच. पन्हाळ्याच्या पश्चिमेला मसाई पठार, तिथून पुढे पांढरपाणी, पावनखिंड आणि विशाळगड. शिवाजी महाराज १६६० च्या जुलैत भर पावसात ज्या वाटेने विशाळगडाकडे निसटले, तिचे पठारावरचे लांबलचक सपाट टप्पे, ओढ्यांत उतरणाऱ्या वाटा आणि पुन्हा चढणारे दांड आजही साधारण तसेच आहेत. परदेशातल्या बाइक पार्कात सायकल पाळण्यात घालून डोंगरमाथ्यावर नेतात. इथे तशी सोय नाही. घरापासून वीस किलोमीटर डांबर तुडवायचे, घाट चढायचा, तासभर दगडांतून जायचे आणि तेवढेच डांबर परतीला. या हिशेबात पायडलवरचा जोर मागच्या शॉकअपात न मुरता थेट चाकाला मिळणे फार मोलाचे ठरते. शिवाय इथल्या उतरणी मुळात माणसांच्या, गुरांच्या आणि बैलगाड्यांच्या वाटा आहेत. त्या वेगासाठी आखलेल्या नाहीत. पायरी, वळण, घसारा, पुन्हा पायरी अशा त्या जातात, आणि अशा संथ, अडखळत्या वाटेवर हार्डटेल कुठेच कमी पडत नाही.

आता तिच्या भूमितीतली एक गोष्ट, जी दुकानात फार थोडी गिऱ्हाइके विचारतात. फुल सस्पेन्शन सायकलीवर माणूस बसला की पुढचा आणि मागचा दोन्ही भाग थोडे दबतात, त्यामुळे चिमट्याचा कोन जवळपास तसाच राहतो. हार्डटेलचा फक्त पुढचा भाग दबतो. शॉकअप वीसेक मिलिमीटर खाली गेला की चिमटा सुमारे एक अंशाने उभा होतो. १४० मिलिमीटरच्या शॉकअपला २० टक्के सॅग (नुसत्या वजनाने दबण्याचे प्रमाण) ठेवला, तर नुसत्या माणसाच्या वजनाने २८ मिलिमीटर जातात, कागदावरचा ६४.५ अंशांचा कोन प्रत्यक्षात ६६ होतो. उतारावर धोंड्याला धडकून शॉकअप पूर्ण दबला, तर तोच कोन ७१ च्या पुढे जातो. पुढचे चाक लांब पुढे असायला हवे नेमक्या त्याच क्षणी ते जवळ ओढले जाते, आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जायची वेळ येते. म्हणून जितका लांब शॉकअप तितकी सायकल सुरक्षित, हा समज हार्डटेलच्या बाबतीत चुकीचा आहे. कोल्हापूरच्या परिसरासाठी १३० ते १४० मिलिमीटर पुरेसे आहेत. १६० चा शॉकअप लावून मिरवण्यात अर्थ नाही. त्याऐवजी आहे तो शॉकअप मधल्या टप्प्यात कोसळणार नाही असा लावून घ्यावा.

तो लावण्याची रीत सोपी आहे, पण दुकानदार सहसा ती गिऱ्हाइकावर सोडून देतो. शॉकअपच्या दांडीवर एक बारीक रबरी कडे असते. हेल्मेट, पाण्याने भरलेली पिशवी, हत्यारे असा सगळा जामानिमा अंगावर घेऊन, भिंतीचा आधार धरून पायडलवर उभे राहावे. कडे खाली सीलपर्यंत सरकवावे आणि हिसका न देता उतरावे. कडे सीलपासून किती वर राहिले ते पट्टीने मोजावे. २८ मिलिमीटरपेक्षा जास्त भरले तर शॉक पंपाने थोडी हवा वाढवावी, कमी भरले तर सोडावी. सीटवर बसून मोजलेला आकडा इथे उपयोगी नाही, कारण उतारावर कुणी बसत नाही. मग रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉकअप परत वर येण्याचा वेग. तो फार संथ ठेवला तर शॉकअपला एका दगडानंतर वर यायला वेळ मिळत नाही आणि पाचव्या दगडापाशी तो खालीच अडकलेला सापडतो. फार जलद ठेवला तर हँडल हाताला झटके देते. सगळे जमूनही शॉकअप वारंवार तळाला लागत असेल, तर आतल्या हवेची जागा कमी करणारा प्लास्टिकचा एक टोकन वाढवावा.

मागच्या बाजूला शॉकअपचे काम टायर करतो. स्टीलच्या फ्रेमचे गोडवे फार गायले जातात आणि तिच्यात थोडी लवचीकता असतेही, पण उभ्या दिशेने फ्रेम जितकी लवते त्याच्या कित्येक पट टायर दबतो. आरामासाठी म्हणून फ्रेमवर जास्तीचे पैसे घालण्यापेक्षा मागच्या चाकावर जाड कवचाचा, ट्यूबलेस, रुंद टायर चढवावा. जांभा दुरून मऊ वाटतो, पण त्याची भोके पडलेली कड वाऱ्यापावसाने खरखरीत, धारदार झालेली असते. त्या कडेवर टायर रिमपर्यंत दबला की टणकन आवाज येतो आणि पातळ कवच दोन ठिकाणी फाटते. सत्तर किलोच्या माणसाने पुढे २२ ते २४ आणि मागे २६ ते २८ पीएसआयपासून सुरुवात करून आपला आकडा शोधावा. मागच्या रिममध्ये फोमचा इन्सर्ट बसवला तर आणखी दोन पीएसआय कमी चालतात. बांधावरच्या बाभळीचे काटे सीलंट बुजवते, मात्र कोल्हापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत ते लवकर सुकते. दोन-तीन महिन्यांनी ते तपासलेच पाहिजे.

ब्रेकबाबत काटकसर करू नये. हायड्रॉलिक डिस्क, पुढे निदान १८० मिलिमीटरची चकती. पावसाळ्यात तांबड्या मातीचा राडा चकतीवर बसतो आणि रेझिनचे पॅड पाहता पाहता खाऊन टाकतो; जून ते सप्टेंबर धातूमिश्रित पॅड लावावेत. शिमानोच्या ब्रेकला मिनरल ऑइल लागते आणि स्रॅमच्या अनेक ब्रेकना डॉट तेल. एकाचे तेल दुसऱ्यात घातले की आतली रबरे फुगतात आणि ब्रेक कामातून जातो.

चालवण्याचा ढंग या सायकलीला वेगळा लागतो. उतार सुरू होण्यापूर्वी सीट खाली. दोन्ही पायडल सपाट, टाचा खाली, गुडघे आणि कोपर सैल, छाती हँडलच्या वर. मातीत उतरलेला पैलवान जसा पवित्रा घेतो, तसे कमरेतून वाकलेले आणि कुठल्याही बाजूला सरकायला मोकळे असे शरीर हवे. भीती वाटली की माणूस मागच्या चाकावर लटकतो. तेव्हा पुढच्या चाकावरचे वजन जाते आणि मुरमात ते वळणाबाहेर घसरते. हार्डटेलवर छाती पुढे ठेवण्याचा धीर आधी कमवावा लागतो. मागचे चाक दगडावर उडी मारतेच. ते उडू द्यायचे असते, मात्र त्या क्षणी त्यावर भार ठेवायचा नसतो: चाक पायरीपाशी आले की गुडघे वर ओढायचे, ओलांडले की पुन्हा ताणायचे. मागचा ब्रेक खडबडीत भागात दाबून ठेवला तर चाक नुसते टपटप उडत राहते आणि थांबवत काहीच नाही. म्हणून वेग दगडांच्या आधीच्या सपाट तुकड्यात उतरवायचा, दगडांत ब्रेक मोकळे ठेवायचे. चढावर उलट. जांभ्याच्या ओल्या पायरीवर उभे राहून पायडल मारले की चाक जागीच फिरते. सीटच्या टोकावर बसून, पुढे ३० किंवा ३२ दात आणि मागे ५१ दातांवर, एकसारखा जोर देत राहिले तर चाक पकड धरून वर येते.

फुल सस्पेन्शनवर चुकीची वाट निवडली तरी मागचा शॉकअप ती पोटात घालतो. हार्डटेल घालत नाही. टाचेला, मांडीला, कमरेला लगेच कळते की चाक हातभर डावीकडून न्यायला हवे होते. म्हणून नव्याने शिकणाऱ्याने हार्डटेलवरच शिकावे हे म्हणणे खरे आहे, आणि ज्याला कंबरेचे जुने दुखणे आहे त्याने तिच्या वाटेला जाऊ नये हेही तितकेच खरे आहे. दिवसभराच्या दगडी उतरणीनंतर हार्डटेलवाल्याचे पाय फुल सस्पेन्शनवाल्यापेक्षा जास्त थकलेले असतात. त्यावर कुठलाही टायर उपाय नाही.

सायकल घरात आली की तिचे खरे पालनपोषण पावसाळ्यात होते. फुल सस्पेन्शनच्या सांध्यांत असलेले बेअरिंग आणि मागचा शॉकअप, एवढी डोकेदुखी हार्डटेलला जन्मतः नाही. चार महिने चिखल पडणाऱ्या जिल्ह्यात हा मोठा दिलासा आहे. उरते ते हेडसेटचे खालचे बेअरिंग, बॉटम ब्रॅकेट, चाकांचे हब आणि पुढचा शॉकअप. शॉकअपच्या खालच्या नळ्यांतले तेल साधारण ५० तास चालवल्यावर बदलावे. सर्व्हिसिंग सेंटरवरचा पाण्याचा फवारा बेअरिंगवर मारू नये; तो ग्रीस बाहेर काढतो आणि माती आत बसवतो. बादली, मऊ ब्रश आणि सुके फडके पुरते. काळ्या मातीच्या पाणंदीतून पावसात जाऊच नये, कारण ती माती टायर आणि फ्रेमच्या मागच्या नळीच्या (चेनस्टेच्या) फटीत सिमेंटसारखी भरून चाक जाम करते आणि गिअर बदलणारा डीरेलर ओढून तोडते. डीरेलर ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या हँगरवर टांगलेला असतो तो वाकण्यासाठीच केलेला असतो. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा, आणि तो कोल्हापुरात ऐन वेळी मिळेलच असे नाही. सायकल घेतानाच दोन जास्तीचे घ्यावेत. बाकी बाबतीत हे शहर भाग्यवान आहे: शिवाजी उद्यमनगरात लेथवर बसलेला कारागीर तुटक्या बुशचा नमुना पाहून नवा घडवून देतो. फक्त पातळ नळ्यांची फ्रेम मात्र साध्या वेल्डिंगवाल्याच्या हाती देऊ नये.

राहिला प्रश्न कुठे चालवायची याचा. जांभ्याच्या सड्यावर मातीचा थर बोटभरही नसतो आणि पावसाळ्यात त्याच थरावर दवबिंदू, सीतेची आसवं यांसारख्या कीटक खाणाऱ्या नाजूक वनस्पती उगवतात. ओल्या सड्यावर टायरची एक रेघ उमटली की पाणी तिच्यातून वाहू लागते आणि थर निघून जातो. तो परत यायला माणसाचे आयुष्य पुरत नाही. मसाई पठार संवर्धन राखीव क्षेत्र आहे. राधानगरी अभयारण्य २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. रुंद टायरची सायकल घेणाऱ्या प्रत्येकाने एवढे पाळावे: पाऊस सुरू झाल्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत पठारावर बैलगाडीच्या जुन्या चाकोरीबाहेर चाक काढू नये, आणि अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय सायकल घालू नये.